आरक्षणाची रांग आणि सर्व्हरची मेमरी

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला यशवंतपूर हे स्थानक अपरिचित नसते. मिरज-पुण्याकडे जाणाऱ्या काही गाड्या येथून सुटतात, आणि दिवाळी जवळ आली की आरक्षणाच्या खिडकीपुढे पहाटेपासून उभे राहिल्याच्या आठवणी येथील अनेक मराठी घरांत सांगितल्या जातात. आज बहुतेक तिकिटे घरबसल्या निघतात. मग ती रांग गेली कोठे? प्रशासनाच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे. रांग नाहीशी झालेली नाही. ती रस्त्यावरून उठून सर्व्हरच्या मेमरीत जाऊन उभी राहिली आहे.

थोडे मागे जाऊ. संगणकापूर्वी प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची नोंद कागदी वहीत होत असे. वही एका कारकुनाच्या हाती असली की दुसऱ्याला थांबणे भाग होते. 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री असलेले कोकणचे प्रा. मधु दंडवते यांनी आरक्षणाच्या संगणकीकरणाला चालना दिली. 1985 मध्ये नवी दिल्लीत पहिली संगणकीय आरक्षण व्यवस्था सुरू झाली आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. पुढे 'क्रिस' या रेल्वेच्या संस्थेने 'कॉन्सर्ट' ही प्रणाली घडवली. 1999 पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे तिने परस्परांशी जोडली गेली.

या साऱ्या काळात एक गोष्ट कायम होती: खिडक्यांची संख्या ठरलेली होती. स्थानकावर आठ खिडक्या असतील तर एका क्षणी आठच माणसांचे काम संगणकापुढे येई. बाकीचे बाहेर तिष्ठत राहत. त्यांना त्रास होई, परंतु यंत्रावर त्यांचा भार पडत नसे.

2002 मध्ये इंटरनेटवरून तिकीट विक्री सुरू झाली आणि हा बांध फुटला. तत्काळ आरक्षण उघडण्याच्या घटकेला लक्षावधी माणसे एकदम दाराशी येऊ लागली. 13 ऑगस्ट 2014 रोजी नवी ई-तिकीट प्रणाली सुरू झाली, तेव्हा एकाच वेळी जोडल्या जाणाऱ्या वापरकर्त्यांची क्षमता 40,000 वरून 1,20,000 आणि दर मिनिटाच्या तिकिटांची 2,000 वरून 7,200 वर गेली. तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडा हे बेंगळुरू उत्तरचे खासदार होते. विशेष हे की केवळ यंत्रे वाढवून रेल्वे थांबली नाही. 2015 पासून वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण सकाळी 10 वाजता आणि इतर वर्गांचे 11 वाजता उघडू लागले. एका रांगेच्या दोन झाल्या.

हा इतिहास मला आठवला तो एका कार्यालयातील अडचणीमुळे. तेथील दाखल्यांचा सर्व्हर रोज अकराच्या सुमारास बंद पडे. लांबच्या गावांहून एसटीने आलेली माणसे दाखल्याविना परत जात. पुरवठादाराचा सल्ला होता, मेमरी दुप्पट करा. ती केली. आठवडाभर बरे चालले, आणि मग पुन्हा तेच.

शेवटी सर्व्हरचा लॉग वाचला. डेटाबेस आपणहून पडत नव्हता. मेमरी संपल्यावर लिनक्सच त्याला मारत होते. लिनक्स जवळ असेल त्याहून अधिक मेमरीचे वचन देते, आणि वचन पाळणे अशक्य झाले की सहसा सर्वांत मोठ्या प्रक्रियेचा बळी घेते. डेटाबेसच्या सर्व्हरवर ती प्रक्रिया बहुधा डेटाबेसचीच असते. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये अशी एक जोडणी मारली गेली की सावधगिरी म्हणून बाकीच्या जोडण्याही तुटतात. एकाच्या भारापायी सर्वांचे काम बुडते.

मग जोडण्या मोजल्या. सुमारे 300 उघड्या होत्या आणि त्यांतील बहुतेक रिकाम्या होत्या. प्रोग्रॅमने उघडलेल्या, पण कधीच न मिटलेल्या. शिवाय कोणीतरी वेग वाढावा म्हणून प्रत्येक वर्गवारीसाठीची मेमरीची मर्यादा 4 एमबीवरून 64 एमबी केली होती. ही मर्यादा जोडणीमागे नसून प्रत्येक वर्गवारीमागे लागते. 300 जोडण्यांनी प्रत्येकी दोनच वर्गवाऱ्या केल्या तरी हिशोब 38,400 एमबीवर जातो. त्यात जिल्ह्याचा मोठा अहवालही अकरालाच निघे.

उपाय जुन्या खिडकीचाच होता. डेटाबेसपुढे जोडण्यांची ठरावीक संख्या ठेवली आणि उरलेल्या विनंत्या रांगेत उभ्या केल्या. रिकाम्या जोडण्या काही मिनिटांनी मिटू लागल्या. वर्गवारीची मर्यादा पूर्ववत केली. अहवाल रात्री नेला. नवी मेमरी न घेता सर्व्हर टिकला.

मेमरी कधीच वाढवू नये असे माझे म्हणणे नाही. 1,20,000 माणसांसाठी ती लागतेच. परंतु खरेदीच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने एवढे विचारावे, की आता ती कोणी अडवून ठेवली आहे आणि कशासाठी? संगणक आला म्हणून रांग लावण्याचे कर्तव्य संपत नाही. यशवंतपूरच्या खिडकीपुढे उभ्या माणसाला निदान आपला क्रमांक ठाऊक असे. पडद्यापुढे बसलेल्यालाही "थांबा, आपल्यापुढे इतके जण आहेत" एवढे कळण्याचा हक्क आहे.