पोथीची उसनवारी

बीडहून मांजरसुंब्यावरून सोलापूरच्या वाटेला लागलें म्हणजे चौसाळा हें गांव लागतें. आमच्या लहानपणीं या गांवीं एका आप्तांच्या घरीं, माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलींत, एक लांकडी पेटी असे. पेटींत लाल बासनांत बांधलेल्या पोथ्या होत्या. वर-खालीं फळ्या, आंत सुटीं आडवीं पानें, आणि पानांच्या कडेला वेखंडाचे तुकडे. पाऊस सरून दसऱ्याचे दिवस जवळ आले कीं घरचे आजोबा त्या माळवदावर उन्हांत उघडून ठेवीत आणि आम्हां मुलांना पांखरें हाकावयास बसवीत. पोथीला हात लावावयाचा तर आधीं तो धुवावयाचा, कोरडा करावयाचा, आणि तोही पानाच्या समासापुरताच.

त्यांतील ज्ञानेश्वरीच्या पोथीस नववा अध्याय नव्हता. शेवटच्या कोऱ्या पानावर मोडींत बारीक नोंदी होत्या: अमुक तिथीस अमक्यास अमुक अध्याय उतरून घेण्यास दिला, अमुक तिथीस परत आला. नवव्या अध्यायापुढें परत आल्याची नोंद नव्हती. नेणाऱ्याचें नांव तेथें लिहिलेलें होतें. परंतु आजोबांनीं तें आमच्यादेखत कधीं उच्चारलें नाहीं, आणि दुसऱ्या कोणास पोथी द्यावयाचें नाकारलेंही नाहीं. या दुसऱ्या गोष्टीचें आम्हांस त्या वेळीं फार नवल वाटे.

परहस्तीं गेलेलें पुस्तक परत येत नाहीं, आणि आलेंच तर फाटून, मळून येतें, अशा अर्थाचें एक संस्कृत सुभाषित आमच्या सर्व ग्रंथप्रेमी मित्रांना पाठ आहे. त्यांतील कित्येकांनीं तें कपाटाच्या कांचेवर चिकटविलें आहे. छापील पुस्तकापुरतें तें खरें आहे. छापील पुस्तक उसनें दिलें म्हणजे आपल्याजवळचें एक कमी होतें, आणि जगांतील पुस्तकांच्या संख्येंत कांहीं भर पडत नाहीं. हस्तलिखिताचा हिशेब अगदीं उलटा होता. पोथी दिल्यावांचून तिची दुसरी प्रत होत नसे, आणि दुसरी प्रत नसलेली पोथी म्हणजे एका वाळवीच्या किंवा एका ठिणगीच्या स्वाधीन झालेला ग्रंथ. आजोबांच्या घरीं उसनवारी चालू राहिली तिचें कारण त्यांचें औदार्य तर खरेंच. पण त्यामागें शेंकडों वर्षांचा हा हिशेबही होता.

पोथी उतरून घेणें हें काम किती जिकिरीचें होतें याची आजच्या वाचकास सहसा कल्पना येत नाहीं. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरांत. रोज शंभर ओव्या उतरल्या तरी तीन महिने मोडावयाचे. कागद दौलताबादेजवळच्या कागदीपुऱ्याचा किंवा जुन्नरचा, हातानें केलेला आणि घोटलेला, लेखणी बोरूची, शाई काजळाची. चूक झाली तर खोडावयाची सोय नाहीं, कारण खाडाखोडीनें पान विद्रूप होई. म्हणून चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि तो वाळल्यावर वरून लिहीत. एखाद्या कामावर ‘हरताळ फासला’ असें आपण आज म्हणतों, तो शब्दप्रयोग या लेखकांच्या बैठकीवरचा आहे. सगळें लिहून झाल्यावर लेखक शेवटीं वाचकाला विनवणी करी: पाठ, कंबर आणि मान मोडून हें लिहिलें आहे, तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून याला जप, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नकोस. ‘कोणाच्याही हातीं देऊं नकोस’ असें मात्र तो म्हणत नसे.

एकच प्रत असल्यानें काय होतें याचा आमच्या भाषेंतील पहिलाच दाखला मोठा दुःखाचा आहे. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस श्रीचक्रधरांच्या आठवणी गांवोगांव हिंडून, ज्यांनीं त्या प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकिल्या त्यांना विचारून, लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं देवगिरीच्या राज्यावर धाडी आल्या. त्या धावपळींत मूळ पोथी नाहींशी झाली. पंथांतील शिष्यांनीं आपापल्या स्मरणांतून ती पुन्हां उभी केली. म्हणून आज तिचे अनेक पाठ आहेत, आणि कोणता शब्द म्हाइंभटांचा हें सांगणें अवघड झालें आहे. पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळा आदि सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. परक्यांच्या नजरेपासून ग्रंथ राखावयाचे, एवढा त्यांचा हेतु होता, आणि तो सफळही झाला. परंतु त्यामुळें मराठी गद्याचें हें पहिलें भांडार बाकीच्या महाराष्ट्राला विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ अज्ञात राहिलें. कै. वि. ल. भावे, कै. वि. का. राजवाडे प्रभृतींच्या उद्योगानें त्या लिपीचें कोडें सुटलें, तेव्हां कोठें आम्हांस कळलें कीं आपली भाषा सातशें वर्षांपूर्वीं इतकें सरळ आणि इतकें सुंदर बोलत होती. ग्रंथ जपण्याचेंही टोंक गांठतां येतें, तें असें.

चौसाळ्याच्या आमच्या आजोबांना अभिमान मात्र आंबेजोगाईचा. तेथील दासोपंतांना (इ. स. १५५१–१६१५) लिहिण्यासाठीं रोज एक ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे, आणि सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला गीतार्णव ज्यानें रचिला त्याच्याविषयीं ती खोटी मानावयाचें धाडस आम्हांस होत नाहीं. याच दासोपंतांनीं सुमारें ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर आपलें ‘पंचीकरण’ आकृतींसह लिहून काढलें. ती त्यांची पासोडी. आजोबा हंसून म्हणत, ‘हें एकच पुस्तक असें कीं तें उसनें मागावयास कोणी यावयाचा नाहीं, नेणार कसें?’

उसनवारीनें प्रती वाढत, तशाच चुकाही वाढत, हें मात्र कबूल केलें पाहिजे. उतरणाराचा डोळा एक ओळ चुके, कोणी न समजलेला शब्द बदलून समजणारा घाली, आणि कोणा भाविकाला आपलीही एक ओवी मध्यें असावी असें वाटे. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यांत कोणी आपली ओवी घालूं नये असें बजावून ठेविलें, तें यामुळेंच. त्यानंतर वारकऱ्यांच्या घरोघर नाथांचा पाठ गेला. नाथांपूर्वीची ज्ञानेश्वरी कशी होती, हा प्रश्न तीनशें वर्षें कोणी विचारला नाहीं.

तो विचारणारा मनुष्य एकदां बीडास आला. कै. राजवाडे यांची मूर्ति पुष्कळांनीं वर्णिली आहे: धोतर, अंगरखा, खांद्यावर दप्तराचें गाठोडें, जिव्हेवर निखारा. जुन्या कागदांसाठीं त्यांनीं महाराष्ट्राचीं किती घरें पालथीं घातलीं असतील याची मोजदाद नाहीं. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें १८९८ पासून त्यांनीं प्रसिद्ध केलेले बावीस खंड एवढीच तिची खूण. बीडच्या पाटांगणांत त्यांस ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिची भाषा पाहतांच त्यांनीं ठरविलें कीं ही नाथांच्या पूर्वीची. १९०९ मध्यें त्यांनीं ती छापून काढिली, आणि त्याच वर्षीं ज्ञानेश्वरींतील भाषेचें व्याकरणही लिहिलें. त्या पोथीचें जें वय राजवाडे यांनीं मानिलें तें पुढच्या अनेक विद्वानांनीं मानिलें नाहीं. परंतु ज्ञानेश्वरीच्या पाठाची कोणतीही चर्चा तेव्हांपासून बीडच्या या पोथीला वगळून झालेली नाहीं.

आणि ती पोथी? ती आज नाहीं. राजवाडे यांच्यानंतर ती कोणास पाहावयास मिळाली नाहीं. टीकेनें चिडून त्यांनीं स्वतःच ती नष्ट केली, अशी वदंता आहे. वदंतेवर निकाल देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ज्या पुरुषानें वाण्यांच्या पुड्यांतून आणि उकिरड्यांवरून इतिहास वेंचला, ज्यानें स्वतःसाठीं संचय केला नाहीं, त्याच्या हातून असें व्हावें हें मनाला पटत नाहीं. आणि ज्यानें त्यांचा संताप ग्रंथांतून वाचला आहे त्याला तें अगदींच अशक्यही वाटत नाहीं. निकाल कसाही असो, मूळ पोथी समोर नसल्यामुळें छापील पाठांतील एखाद्या अक्षराविषयीं शंका आली तर ती विचारावयास जागा उरली नाहीं. पुण्यास १९१० मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें त्यांत राजवाडे हेच पुढें होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते धुळ्यास वारले आणि पुढच्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. ज्यांनीं ग्रंथ ठेवावयास घरें उभीं करविलीं, त्यांच्याच हातीं आलेली सर्वांत मोलाची पोथी बेघर झाली!

पाटांगणची पोथी गेली ती आलीच नाहीं, असें आमच्या भागांत बोललें जाई, आणि त्या बोलण्याचा परिणाम आम्हीं पाहिला आहे. ‘पाहावयाची तर येथें बसून पाहा’ असें सांगणारीं घरें त्यांतल्या त्यांत बरीं. पेटी उघडूंच नये अशी शपथ घातलेलीं घरेंही होतीं. अशा एका घरची पेटी पुढें उघडली तेव्हां आंत वाळवीनें केलेली माती निघाली. पोथ्या कोणत्या होत्या हेंही सांगतां येईना. संशोधकाला न देऊन त्यांनीं पोथी वांचविली नाहीं. उलट धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचे कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठामठांतून जमविलेलीं रामदासी बाडें आज एका ठिकाणीं नीट पाहावयास मिळतात. देणाराला घेणाऱ्याची पारख असावी लागते, आणि ती बासनाच्या गांठीवरून होत नाहीं, हीच यांतली अडचण.

ही अडचण आमच्याच देशापुरती नाहीं. इंग्लंडांतील डरॅमचा बिशप रिचर्ड द बरी यानें १३४५ मध्यें ग्रंथप्रेमावर एक पुस्तक पुरें केलें. पुस्तकावर फळें आणि चीज खात बसणारा, थंडीनें वाहणारें नाक न पुसतां पानें ओलीं करणारा विद्यार्थी त्यानें असा रंगविला आहे कीं तो आपल्याच ग्रंथालयांत शेजारीं बसला आहे असें वाटावें. परंतु याच बिशपानें पुस्तकें उसनीं देण्याचे नियमही लिहून ठेविले: दुसरी प्रत असेल तर द्यावें, आणि पुस्तकाच्या किंमतीहून अधिक मोलाची वस्तु तारण घ्यावी. तंजावरास सरफोजी राजे (राज्यकाल १७९८–१८३२) यांनीं सरस्वती महालांत संस्कृत, मराठी, तामिळ, तेलुगु पोथ्यांबरोबर युरोपांतील हजारों छापील ग्रंथ आणविले आणि पुष्कळांवर आपली इंग्रजी सही केली. राजाला सहीची काय गरज, असें कोणी म्हणेल. पण ज्यानें कधीं पुस्तक उसनें दिलें आहे तो असें विचारणार नाहीं.

छापखाना आल्यावर उसनवारी घराबाहेर पडली. रत्नागिरीस १८२८ मध्यें, पुण्यास १८४८ मध्यें वाचनालयें निघालीं. ठाण्यास १८९३ मध्यें आणि मुंबईस १८९८ मध्यें केवळ मराठी ग्रंथांचीं संग्रहालयें झालीं. आमचा मुलूख तेव्हां निजामाचा. दरबाराची आणि शाळेची भाषा उर्दू. मराठी पुस्तक पुण्या-मुंबईहून यावयाचें. हैदराबादेस १९२२ मध्यें मराठी ग्रंथसंग्रहालय उघडलें तें याच उणिवेंतून. त्या काळीं आमच्या खेड्यांत आलेलें एक मराठी पुस्तक किती घरें फिरे हें त्याच्या पुठ्ठ्यावरील डागांवरून ओळखावें. हळदीचा, तेलाचा, चुलीच्या धुराचा डाग. क्वचित् मुलाच्या पाटीचा ओरखडा. असें पुस्तक परत आलें तर आजोबा रागावत नसत. पानें मोजून घेत आणि पेटींत ठेवीत. निष्कलंक परत आलेल्या पुस्तकाविषयींच ते विचारीत, ‘वाचलें तरी का?’

आम्हांस एवढें मोठें मन नाहीं. आम्ही पुस्तकें देतों, परंतु वहींत लिहून देतों, आणि तीन महिन्यांनीं निर्लज्जपणें आठवण करतों. पानाचा कान मोडणाराला दुसऱ्यांदा देत नाहीं. समासांत शिसपेन्सिलीनें लिहिणाराविषयीं मात्र आमचें मत अलीकडे बदललें आहे. एका परत आलेल्या पुस्तकांत नेणाऱ्यानें आमच्याच एका चुकीच्या टीपेखालीं नम्रपणें दुरुस्ती केलेली आढळली, तेव्हांपासून. सातारा जिल्ह्यांतील भिलार येथें ४ मे २०१७ पासून लोकांनीं आपल्या घरांच्या ओसऱ्या आणि खोल्या पुस्तकांसाठीं मोकळ्या केल्या आहेत. कोणींही जावें, बसून वाचावें. आजोबांना हें गांव दाखवावयास हवें होतें.

चौसाळ्याच्या त्या पोथीचें पारायण होई तेव्हां नववा अध्याय दुसऱ्याच्या पोथींतून वाचीत. पुढें सरकारनें १९६० मध्यें राजवाडे यांच्या पाठाची ज्ञानेश्वरी अल्प किंमतींत छापली. तिची एक प्रत घरांत आली आणि नवव्याला ती चौरंगावर येऊं लागली. नाथांच्या पाठावर वाढलेले आजोबा प्रत्येक ओवीस अडखळत. आपल्या तोंडचा शब्द येतो आणि पुस्तकांत निराळाच निघतो. एकदां त्यांनीं चष्मा काढला, पुस्तक मिटून त्याच्यावर हात ठेविला, आणि म्हणाले, ‘बीडची पोथी आहे ही. गेली होती, आली फिरून.’ मग पुन्हां उघडून, छापलें होतें तसेंच, त्यांनीं अध्याय पुरा केला.