तळटीप : रुई आणि ज्वलनांक

१. ‘रुई क्षणात पेटली’ — परभणी, सेलू, मानवत या कापसाच्या पेठांतील जिनांमध्ये आगीची धास्ती कायम असते, तिचे कारण कापसाचा ज्वलनांक विशेष कमी आहे, हे नव्हे. पदार्थ ज्या किमान तापमानास स्वतः पेट घेतो, तो त्याचा ज्वलनांक. पांढऱ्या फॉस्फरसास सुमारे ३० अंश सेल्सिअस पुरतात, तर कापसास सुमारे ४०० अंश लागतात. परंतु पदार्थ त्या अंशापर्यंत किती त्वरेने पोहोचतो, हे त्याच्या घडणीवर अवलंबून असते. आणि मोकळ्या रुईचा तंतू केसाहूनही बारीक, सभोवार हवेने वेढलेला, शिवाय उन्हाळ्यात ओलाव्यास पारखा झालेला असल्यामुळे, कापसाबरोबर आलेला एखादा खडा जिनाच्या पोलादी भागावर आदळून उडालेली ठिणगीही त्यास पुरेशी होते. तोच कापूस दाबून गाठ बांधली की हवेस वाव उरत नाही व ज्वाला बहुधा पृष्ठभागापुरतीच राहते. मात्र अंतर्भागात धुमसणारा विस्तव कित्येक दिवस टिकू शकतो, यास्तव आग विझल्यावर गाठी वेगळ्या काढून त्यांजवर पहारा ठेवणे हा निव्वळ दस्तूर नसून पदार्थविज्ञानास धरून केलेला बंदोबस्त होय.