छातीवर बसणारा काबूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, रात्री जाग आली, हात हलवावा म्हटलं आणि हात हललाच नाही, असं तुम्हाला कधी झालंय? डोळे उघडे असतात. खुंटीवरचा सदरा दिसतो, कौलांतून आलेला कवडसा दिसतो. हाक मारायची असते, पण घशातून आवाज फुटत नाही. आणि छातीवर कुणीतरी बसलेलं असतं. थोड्या वेळानं सगळं ओसरतं आणि माणूस घामानं थबथबून उठून बसतो.

आमच्या घरी हे थोरल्या बहिणीला, आपाला, व्हायचं. १९८०च्या सुमाराची गोष्ट. ती सतरा-अठरा वर्षांची होती. छातीवर कुणी बसतं हे मोहल्ल्यातल्या बायकांना नवीन नव्हतं. आयतुल कुर्सी वाचून फुंकर घातली की त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. पण एके सकाळी आपानं आणखी एक गोष्ट सांगितली. आपण वर आढ्यापाशी तरंगत होतो आणि खाली चटईवर आपणच निजलेले दिसलो, अशी. ती गोष्ट घराबाहेर गेली. मग ताईत आले, धुरी आली, आणि अंगातलं काढतो म्हणणाऱ्या एकानं तिला आमच्या अम्मीदेखत थपडा मारल्या. आज तसं केलं तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा मात्र आम्ही त्याला बिदागी दिली. ठरलेलं लग्न मोडलं ते वेगळंच.

पुढे वाचनात मला बुखाऱ्याचा एक हकीम भेटला. अबू बक्र अखवैनी त्याचं नाव, दहाव्या शतकातला. त्यानं ‘हिदायतुल मुतअल्लिमीन’ हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला, तोही अरबीत नव्हे, आपल्या मुलासारख्या शिकणाऱ्यांना कळावा म्हणून फारसीत. लोक त्याला वेड्यांचा हकीम म्हणायचे. या ग्रंथात त्यानं ‘काबूस’ नावाच्या विकाराचं वर्णन केलं आहे. झोपलेल्या माणसाला अंगावर काहीतरी जड पडल्यासारखं वाटतं, त्याचा श्वास कोंडतो, त्याला हलता येत नाही. कारण काय? पोटातल्या वाफा मेंदूकडे चढतात, असं अखवैनी सांगतो. उपाय म्हणून रक्त काढा, जेवण हलकं ठेवा. दुर्लक्ष केलं तर पुढे फेफरं येऊ शकेल, असा इशाराही देतो. त्याच्यानंतर १०३७ साली वारलेल्या इब्न सीनानं आपल्या ‘कानून’मध्ये काबूस घातला तो डोक्याच्या रोगांत.

वाफेचं कारण चुकीचं होतं, रक्त काढण्याचा काही उपयोग नव्हता. तरीही मी ते पान पुन्हापुन्हा वाचलं. हजार वर्षांपूर्वीचा एक मुसलमान हकीम भुताला हात न लावता रोग्याचं जेवण विचारतो आहे, आणि आमच्या घरात हजार वर्षांनी थपडा मारल्या जात होत्या.

आत्मा झोपेत देहाबाहेर जातो, ही कल्पना मात्र अडाण्यांची म्हणून उडवून लावता येत नाही. कुराणातल्या सूरह जुमरची बेचाळिसावी आयत सांगते, की अल्लाह माणसांचे प्राण मृत्यूच्या वेळी घेतो आणि जे मेलेले नाहीत त्यांचे झोपेत घेतो. ज्यांची वेळ भरली त्यांचे ठेवून घेतो, बाकीचे ठरल्या मुदतीपर्यंत परत पाठवतो. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात म्हटलं आहे, की झोपलेल्याला एकदम जागं करू नये. बाहेर गेलेल्याला परतीची वाट सापडली नाही तर त्याच्यावर उपचार करणं कठीण. दोन्हींत मला एकच नाजूक भय दिसतं. आणि दोन्ही ठिकाणी गोष्ट चालली आहे ती झोपणाऱ्या सगळ्यांची. एखाद्या विडी वळणाऱ्या पोरीला बाधा झाली, असं त्यात कुठेही नाही.

१९२९ साली अमेरिकेत सिल्वन मुल्डून या तरुणानं हिअरवर्ड कॅरिंग्टनच्या सोबतीनं सूक्ष्म देहाच्या प्रवासावर एक पुस्तक काढलं. देहाबाहेर जाण्याचा पहिला अनुभव आपल्याला बाराव्या वर्षी आला, असं तो सांगतो. त्याची सुरुवात कशी झाली ते पाहा. रात्री जाग आली, पण अंग ताठरलेलं, हलता येईना. आणि मग तरंगणं. म्हणजे आपाचीच रात्र! तिकडे त्या रात्रीचं पुस्तक झालं.

उलगड्याची सुरुवात झाली १९५३मध्ये, शिकागोत. युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवलं, की झोपेच्या एका टप्प्यात पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात. ठळक स्वप्नं बहुधा याच टप्प्यात पडतात. मग फ्रान्समधल्या मिशेल जूव्हे यांना मांजरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की या टप्प्यात स्नायू पार सैल पडतात. स्वप्नात धावताना आपण खाटेवरून उठून खरोखर धावू नये, याची ती सोय. कधीकधी मन आधी जागं होतं आणि स्नायूंची ती गाठ सुटायची राहते. उघड्या डोळ्यांपुढे स्वप्न चालूच राहतं. छातीवरचा काबूस तो हाच. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये फेफऱ्याच्या एका रुग्ण बाईची तपासणी करताना डॉक्टरांनी मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका ठिकाणी विजेचा हलका प्रवाह सोडला, तेव्हा ती म्हणाली, मी वरून मला पलंगावर पडलेली पाहते आहे. आपलं शरीर कुठे आहे याचा हिशोब मेंदू सतत करत असतो, तो तेवढ्यापुरता चुकला.

हे कुणाला अधिक होतं? ज्यांची झोप अपुरी, वेळी-अवेळी होते त्यांना. उताणं झोपल्यावर जास्त. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. आपा घरकाम आटोपून रात्री बारापर्यंत कंदिलाशी विड्या वळायची. सकाळी कारखान्यात हजार विड्या द्यायच्या असायच्या. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, तेव्हा घागर घेऊन रांगेत तीच. ताईत बांधणाऱ्यांपैकी कुणीही, आणि घरातल्या आम्हीही, तिला एवढं विचारलं नाही, की बाई, तू झोपतेस किती?

आपा आता साठी ओलांडून गेली. तिचं लग्न झालं, उशिरा झालं. गेल्या ईदला मी तिला हे सगळं समजावून सांगितलं, ॲसेरिन्स्कीपासून विजेच्या प्रवाहापर्यंत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘असेल बाबा तसं,’’ ती म्हणाली. ‘‘पण वरून पाहिलं ना, तेव्हा सुपात अर्ध्याच विड्या झालेल्या दिसत होत्या. तीच धास्ती वाटली मला.’’