बाटली क्रमांक ५३-एन

‘धनुर्वाताचा जीवाणू साध्या उकळण्याने का मरत नाही? कारण द्या. (२ गुण)’

माझी मावसबहीण मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. करते. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने प्रश्नसंचाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, यातलं तुला एक तरी येतंय का?’ मी इंजिनियर. बारावीनंतर जीवशास्त्राशी आपला संबंध संपला, याचा तेव्हा आनंदच झाला होता. तरी ईर्षेने उत्तर शोधलं. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जीवाणू स्वतःभोवती जाड कवच तयार करून बीजाणू होतो. असा बीजाणू मातीत, शेणात, धुळीत वर्षानुवर्षं पडून राहतो. उकळतं पाणी, सौम्य जंतुनाशक, काहीही त्याला पुरेसं पडत नाही. जिथे ऑक्सिजन नाही अशी जागा मिळाली की तो जागा होतो, वाढतो आणि विष तयार करतो. झाले दोन मार्क.

पण शोधता शोधता मी भलतीकडेच पोचलो. याच दोन मार्कांच्या उत्तरावर १९०२ ते १९०७ अशी पाच वर्षं एक वाद चालला होता. पंजाबातल्या एका खेड्यात तो सुरू झाला आणि लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये मिटला. मधलं मुख्य ठाणं होतं आपलं परळ. एकोणीस माणसं मेली होती आणि प्रश्न एकच होता : चूक कुठे झाली?

गोष्ट सुरू होते १८९६च्या सप्टेंबरमध्ये, मुंबईच्या मांडवी भागात. डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तिथल्या एका रुग्णाला पाहून हा प्लेग आहे असं निदान केलं. गोदीजवळची वस्ती, धान्याची गोदामं आणि दाटीवाटीच्या चाळी यांतून रोग पसरायला वेळ लागला नाही. माणसं शहर सोडून गावाकडे पळाली आणि प्लेगही त्यांच्यासोबत गेला. पुढची कहाणी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असते. १८९७चा साथरोग कायदा (हाच २०२०मध्ये पुन्हा वापरला गेला), पुण्यातल्या घरझडत्या, २२ जूनला रँडवर झाडलेली गोळी, टिळकांवरचा खटला. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

या सगळ्या गदारोळात ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत एक परदेशी माणूस काम करत होता. वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६०, ओडेसा. ज्यू. मेचनिकॉव्हचा विद्यार्थी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याला पहिलं काम मिळालं ते ग्रंथालयात. तिथेच त्याने कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ती घेऊन तो हिंदुस्थानात आला. मुंबईत प्लेग आल्यावर सरकारने त्याला इकडे बोलावलं. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई.

प्लेगचा जीवाणू येर्सिनने हाँगकाँगमध्ये शोधून काढला होता, त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. लस बनवायची तर तो भरपूर वाढवायला हवा. हाफकिनची युक्ती मला फार आवडते. त्याने मांसाच्या रश्शावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. या तवंगाला धरून जीवाणूंच्या वसाहती खाली लोंबत वाढायच्या, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तशा. अधूनमधून भांडं हलवायचं, सुळके तळाशी पडायचे, वर नवे वाढायचे. रश्श्यासाठी बोकडाचं मटण वापरलं जाई, म्हणजे गाय आणि डुक्कर दोन्ही टळले. मग सगळं सुमारे ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवायचं. प्लेगचा जीवाणू बीजाणू करत नाही, त्यामुळे एवढ्या तापमानाला तो मरतो. शेवटी जपणूक म्हणून थोडं कार्बोलिक ॲसिड. झाली लस.

१० जानेवारी १८९७ला त्याने ती स्वतःला टोचून घेतली. नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त, १० घनसेंटिमीटर. ताप आला, अंग दुखलं, पण तो उठून कामाला लागला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. जे कैदी तयार झाले त्यांना टोचलं, बाकीचे तसेच राहिले. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, मेलं कुणी नाही.

वर्षभराने बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात याहून काटेकोर चाचणी झाली. साथ गावात आलेलीच होती. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं, निम्म्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, अन्न तेच. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला, ३ दगावले. आज असा प्रयोग कुठलीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही. तुरुंगातल्या माणसाची ‘स्वखुशी’ कितपत खुशीची, हाही प्रश्न आहेच. पण लस उपयोगी पडते, हे त्या आकड्यांनी दाखवलं. झडत्यांना विटलेले लोक लसीलाही घाबरत होते, तरी काही पुढे आले. आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि खोजा समाजातले हजारो लोक त्यांच्या मागोमाग आले. १८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली.

इथून पुढे गोष्ट माझ्या ओळखीच्या प्रदेशात शिरते. ‘स्केल’ करायची वेळ आली.

१९०२मध्ये पंजाब सरकारने मोठी टोचणी मोहीम आखली. लाखो मात्रा, त्याही लवकर हव्या होत्या. परळची जुनी पद्धत एवढा वेग देईना. हाफकिनने पद्धत बदलली. रश्श्याऐवजी आगरवर जीवाणू वाढवले आणि कार्बोलिक ॲसिड गाळलं. उष्णतेने काम भागतं, पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही असंच करतात, हे त्याचं कारण.

३० ऑक्टोबर १९०२. मुल्कोवाल, जिल्हा गुजरात. हे आपलं गुजरात नव्हे, पंजाबातलं. ते गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्या उघडून १०७ लोकांना लस टोचली. आठवडाभराने काही जणांचे जबडे आखडू लागले. धनुर्वात. एकूण १९ जण, आणि ते सगळे मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्या कुणालाही काही झालं नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स. आयोगाने कागद तपासले तेव्हा लगेच दिसलं की ठरलेल्या पद्धतीतून कार्बोलिक ॲसिड गाळलेलं आहे. निष्कर्ष निघाला की बाटली मुल्कोवालला उघडण्याआधीच, म्हणजे परळला, दूषित झाली होती. हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं. तो लंडनला गेला.

मी ज्या एका कंपनीत होतो तिथे एकदा रात्री दोन वाजता पेमेंट बंद पडली. कॉलवर पंधरा माणसं. पहिला प्रश्न, ‘शेवटचा बदल कुणी केला?’ संध्याकाळी एका नव्या मुलीने छोटासा कोड टाकला होता. तो मागे घेतला. पेमेंट बंदच. तरी पहाटेपर्यंत सगळे तिचाच कोड वाचत बसले होते. खरं कारण भलत्याच सर्व्हरवर संपलेलं सर्टिफिकेट निघालं. तिला ‘सॉरी’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. शेवटचा बदल हा संशयाला पहिला धरणीय असतो, हे खरंच. पण संशयित आणि कारण यांच्यामधलं अंतर पुराव्याने चालायचं असतं. आयोगाने तिथे उडी मारली.

पुरावा आयोगाच्या स्वतःच्या कागदांतच होता. अहवाल १९०६च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि रोनाल्ड रॉसने तो वाचला. हा मलेरियावाला रॉस, नोबेल मिळालेला. त्याचे मुद्दे बहिणीच्या प्रश्नसंचातल्या उत्तरांसारखेच आहेत.

पहिला : त्या प्रमाणातलं कार्बोलिक ॲसिड धनुर्वाताचे बीजाणू मारूच शकत नाही. म्हणजे ते गाळलं नसतं तरी बीजाणू जगलेच असते. दुसरा : बाटली भरल्याला सुमारे सहा आठवडे झाले होते. इतके दिवस बंद बाटलीत हा जीवाणू वाढला असता तर उघडताना दुर्गंधी आली असती. टोचणाऱ्या डॉक्टरला तशी काही आली नव्हती. तिसरा : सहा आठवड्यांत साठलेलं विष थेट अंगात गेलं असतं तर लक्षणं लवकर दिसली असती. इथे आठवडा गेला, म्हणजे थोडेसे जंतू नुकतेच आत गेले आणि शरीरात वाढले, असं मानायला जागा होती.

आणि चौथा : टोचणीच्या दिवशी बूच काढायचा चिमटा मदतनीसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिक ॲसिडात थोडा हलवला आणि त्याच चिमट्याने ५३-एनचं बूच काढलं. हे त्याने स्वतः साक्षीत सांगितलं होतं. खेड्यातली जमीन, शेण-माती, बीजाणू. दोन मार्कांचं उत्तर.

२९ जुलै १९०७ला रॉससह दहा शास्त्रज्ञांचं पत्र ‘टाइम्स’मध्ये आलं. त्या वर्षअखेरीस सरकारने हाफकिनला पुन्हा नोकरी देऊ केली. तो आला, पण परळला नाही, कलकत्त्याला. पूर्वीचा अधिकार त्याला मिळाला नाही. काही वर्षांनी तो निवृत्त होऊन युरोपात गेला आणि १९३०मध्ये लोझानला वारला. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव १९२५मध्ये दिलं गेलं.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपते. शास्त्रज्ञ निर्दोष, शिक्षा अन्यायाची, शेवटी सन्मान. माझं मात्र समाधान होत नाही, कारण दोष फक्त एका माणसावरून दुसऱ्या माणसावर सरकतो, मुंबईच्या साहेबावरून पंजाबच्या मदतनीसावर. चिमटा कुणाच्याही हातून पडेल. दिवसाला शेकडो माणसं टोचायची तर तो कधी ना कधी पडणारच. प्रश्न असा विचारायला हवा : पडल्यावर काय करायचं हे कुणी लिहून ठेवलं होतं? दुसरा स्वच्छ चिमटा सोबत होता? कार्बोलिक ॲसिडात नुसतं हलवल्याने बीजाणू मरत नाहीत, हे त्या मदतनीसाला कुणी शिकवलं होतं? मुंबईतल्या उष्णतेचा आणि ॲसिडाचा हिशेब आयोगाने काटेकोर मांडला, पण बाटली परळमधून निघाल्यावर तिचं काय होतं हा प्रक्रियेचाच भाग आहे, असं त्याला वाटलेलं दिसत नाही.

याची किंमत त्या एकोणीस जणांपुरती राहिली नाही. पंजाबातली मोहीम कोलमडली. लसीविषयीचा जो विश्वास मुंबईत आणि उंधेऱ्यात तोलूनमापून मिळवला होता, तो एका बाटलीने गेला. नंतरच्या वर्षांत पंजाबात प्लेगने लाखो माणसं मेली. त्यातली किती वाचली असती याचा आकडा कुणी देऊ शकणार नाही. पण कारण चुकीचं ठरवलं की मूळ चूक तशीच राहते आणि लोक सगळ्याच बाटल्यांना घाबरतात, एवढं कळायला आकडा लागत नाही.

हाफकिनचं नाव परळला पाटीवर आहे. रॉसचं पाठ्यपुस्तकात आहे. मी वाचलेल्या कुठल्याही लेखात मुल्कोवालच्या एकोणीस जणांपैकी एकाचंही नाव नव्हतं. बाटलीचा नंबर मात्र सगळीकडे होता.

बहिणीला मी एवढंच लिहून पाठवलं : ‘बीजाणू. जाड कवच. उकळण्याला दाद देत नाही. दोन मार्क पक्के. परीक्षा झाली की फोन कर, याच्यापुढची गोष्ट सांगतो.’