गुपिताचा परवाना

सैनिक सेवेतून निवृत्त होतो तेव्हा त्याच्याकडून सरकारची एकेक वस्तू परत घेतली जाते. शस्त्र जाते, ओळखपत्र जाते, कोठाराची किल्ली जाते. परंतु जे त्याने डोळ्यांनी वाचले आणि कानांनी ऐकले ते परत कसे घ्यावयाचे? हत्यार मोजून घेता येते. माहिती मोजता येत नाही. माणूस घरी जातो, आणि त्याच्याबरोबर राज्याचे गुपितही त्याच्या उंबऱ्याच्या आत जाते. या अडचणीतून अमेरिकेत एक मोठी व्यवस्था उभी राहिली. ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ या नावाने ती ओळखली जाते. मराठीत तिला गुपिताचा परवाना म्हणता येईल.

गोपनीय, गुप्त आणि परमगुप्त अशा तीन पायऱ्या या परवान्याला आहेत. तो दोन आधारांवर उभा असतो. पहिला आधार म्हणजे त्या माणसाची पात्रता. त्याचे शील, त्याचे कर्ज, त्याचे संबंध यांची चौकशी करून ती ठरवली जाते. दुसरा आधार म्हणजे कामाची गरज. नुसता विश्वासू माणूस असून भागत नाही. त्या कागदाशी त्याचे काम असावे लागते. सेवा संपली की दुसरा आधार त्याच दिवशी निखळतो आणि कपाट बंद होते. पहिला मात्र काही काळ टिकून राहतो. चौकशीची मुदत संपलेली नसेल आणि दोन वर्षांच्या आत माणूस पुन्हा अशाच कामावर रुजू झाला, तर सर्वसाधारणपणे नव्याने सारी चौकशी न करता परवाना जागा करता येतो. तिसरी गोष्ट कधीच संपत नाही, आणि ती म्हणजे मौनाची प्रतिज्ञा. सेवेत असताना सही करून दिलेला तो करार निवृत्तीनंतरही, अगदी मरेपर्यंत, बंधनकारक असतो. अधिकार जातो, कर्तव्य राहते.

वरवर पाहता ही रचना सरळ आहे. परंतु तिच्या मागचा इतिहास सरळ नाही. दुसऱ्या महायुद्धाने आणि अणुबाँबने गुपितांची संख्या वाढवली, आणि गुपितांबरोबर संशयही वाढला. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी सुरू केली. २७ एप्रिल १९५३ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नवा हुकूम काढून कसोटीच बदलली. आता केवळ निष्ठा पुरेशी नव्हती. माणूस नोकरीवर राहणे राष्ट्राच्या सुरक्षिततेशी निःसंशय सुसंगत आहे, असे ठरावे लागत होते. निष्ठावंत माणूसही ‘धोकादायक’ ठरू शकेल, असा दरवाजा यातून उघडला.

त्या दरवाजातून बाहेर ढकलला गेलेला एक तरुण म्हणजे माय्लो रॅडुलोविच. विमानदलात तो हवामानतज्ज्ञ होता. ग्रीनलँडमधील एका गुप्त हवामान केंद्रावरील कामाबद्दल त्याची प्रशंसाही झाली होती. प्रत्यक्ष सेवा सोडून तो मिशिगन विद्यापीठात शिकू लागला. राखीव दलातील लेफ्टनंटचा हुद्दा तेवढा शिल्लक होता. पत्नी रात्रपाळीला टेलिफोन कंपनीत जात असे, घरात दोन मुले होती. १९५३ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याला कळवण्यात आले की तो सुरक्षिततेला धोका आहे. त्याच्या स्वतःच्या निष्ठेविषयी तक्रार नव्हती. तक्रार होती ती वडिलांविषयी आणि बहिणीविषयी. वडील सर्बियातून आलेले श्रमिक. ते आपल्या भाषेतील एक वृत्तपत्र मागवीत. राजीनामा दे, असे सुचवले गेले. त्याने नकार दिला. सुनावणी झाली, परंतु आरोपांचा पुरावा एका बंद पाकिटात होता आणि ते पाकीट उघडले गेले नाही. साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार होता.

२० ऑक्टोबर १९५३ रोजी एडवर्ड मरो या प्रसारकाने दूरचित्रवाणीवरून ही हकीकत देशापुढे मांडली. कार्यक्रमाची जाहिरात देण्यास कंपनीने नकार दिला, म्हणून मरो आणि त्याचा सहकारी फ्रेंडली यांनी पदरचे १,५०० डॉलर खर्चून ती वृत्तपत्रात छापली. पाच आठवड्यांनी, २४ नोव्हेंबर रोजी, विमानदलाच्या मंत्र्याने रॅडुलोविचला हुद्द्यावर कायम ठेवल्याचे त्याच कार्यक्रमातून जाहीर केले. एकाला न्याय मिळाला. परंतु ज्यांच्या दाराशी कॅमेरा पोहोचला नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच.

दुसरे प्रकरण जगप्रसिद्ध झाले. अणुबाँबच्या प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट ओपनहायमर हे गणवेशातले सैनिक नव्हते, पण १९४३ साली त्यांचा परवाना जनरल ग्रोव्ह्ज यांच्या लष्करी हुकुमाने मिळाला होता. युद्धानंतर ते अणुशक्ती आयोगाचे सल्लागार झाले. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांचा परवाना स्थगित झाला. १९५४ च्या एप्रिल-मेमध्ये सुनावणी झाली. चौकशी मंडळाने त्यांना एकनिष्ठ ठरवले, आणि तरीही दोन विरुद्ध एक मतांनी परवाना नाकारण्याची शिफारस केली. २९ जून रोजी आयोगाने चार विरुद्ध एक मतांनी ती मान्य केली. त्यांच्या सल्लागारपणाचा करार ३० जून रोजी आपोआप संपणार होता! एक दिवस थांबले असते, तर कपाट आपोआप बंद झालेच असते. मग हा खटाटोप कशासाठी? उत्तर उघड आहे. मुदत संपणे ही रीत आहे, परवाना हिरावून घेणे हा कलंक आहे. प्रश्न किल्लीचा उरला नव्हता, नावाचा होता.

सामान्य माणसाला मात्र नावाइतकीच भाकरीची चिंता असते. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कारखान्यांतील गुप्त कामे परवाना असलेल्याच माणसाला मिळतात. म्हणून सैन्यातून परतणाऱ्याच्या दृष्टीने परवाना ही उपजीविकेची शिदोरी ठरते. विल्यम ग्रीन या विमान-अभियंत्याचा परवाना १९५३ साली काढून घेतला गेला. कारणांत त्याच्या पूर्वीच्या पत्नीच्या परिचितांचाही समावेश होता. वर्षाला १८ हजार डॉलर मिळवणारा हा अधिकारी नोकरीला मुकला आणि त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी वेतनावर नकाशे काढू लागला. आरोप करणारे कोण, हे त्याला कधी कळले नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी न देता असे करण्याचा अधिकार अध्यक्षांनी अथवा काँग्रेसने कोणालाही दिलेला नाही. १९६० साली नवे नियम आले आणि सुनावणीला काही आकार आला. परंतु १९८८ साली, नौदलाच्या एका कामगाराच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की परवाना हा कोणाचाही हक्क नाही. तो देणे-न देणे हा शासनाच्या विवेकाचा भाग आहे.

तो विवेक कितपत निःपक्षपाती राहतो, हा वाद नव्या शतकातही मिटला नाही. निवृत्त सेनानींचा सल्ला उपयोगी पडावा म्हणून त्यांची पात्रता चालू ठेवण्याचा प्रघात होता. ऑगस्ट २०१८ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख ब्रेनन यांचा परवाना रद्द करण्याची घोषणा केली, तेव्हा निवृत्त ॲडमिरल मॅक्रेव्हन यांनी आपलाही परवाना काढून घ्यावा, असे जाहीर पत्र लिहिले. जानेवारी २०२५ मध्ये माजी सरसेनाध्यक्ष जनरल मिली यांचा परवाना संरक्षणमंत्र्यांनी रद्द केला. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, अशी टीकाकारांची भावना आहे. तर ज्याने विश्वास दिला त्याला तो परत घेता आला पाहिजे, असे समर्थक म्हणतात.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच रीतीला महत्त्व आहे. राज्याला गुपिते राखावीच लागतात. कपाट बंद करण्याचा अधिकारही त्याला असलाच पाहिजे. परंतु कपाट बंद करणे वेगळे आणि ज्याने ते वर्षानुवर्षे इमानाने राखले त्याच्यावर डाग लावणे वेगळे. निवृत्त माणूस आपल्या मौनाची बाजू जन्मभर पाळतो. त्याच्या बदल्यात, आरोप उघडपणे सांगितला जावा आणि उत्तर ऐकले जावे, एवढीच अपेक्षा तो राज्याकडून करू शकतो. ती पुरी न झाल्यास चूक सुधारायला किती काळ लागतो याचा दाखला इतिहासात आहे. १६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ओपनहायमर यांच्याविरुद्धचा १९५४ चा निर्णय सदोष प्रक्रियेच्या कारणास्तव रद्द ठरवला. तोपर्यंत अडुसष्ट वर्षे लोटली होती, आणि स्वतः ओपनहायमर १९६७ सालीच निवर्तले होते.