दगडी यष्टीचे क्रिकेट: स्टोनिहर्स्टच्या खेळांची कुळकथा

क्रिकेटचा इतिहास बहुधा दक्षिण इंग्लंडमधील खेडी, हॅम्बल्डनचे मैदान आणि लंडनच्या मेरिलबोन क्लबची नियमावली या वाटेने सांगितला जातो. या मुख्य प्रवाहापासून फार आधी फुटलेली एक शाखा मात्र उत्तर इंग्लंडातील लँकेशर परगण्यात, रिबल नदीच्या खोऱ्यातील स्टोनिहर्स्ट कॉलेज या कॅथलिक मुलांच्या शाळेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरही जिवंत होती. तेथे यष्टीच्या जागी दगड होता, बॅटीच्या जागी सोट्यासारखा दांडा होता आणि चेंडू शाळेपुरताच हाताने घडवलेला असे. या खेळाला पुढे ‘स्टोनिहर्स्ट क्रिकेट’ असे नाव पडले. तो कोठून आला, इतकी वर्षे कसा टिकला आणि अखेर का संपला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे खेळाच्या मैदानापेक्षा त्या शाळेच्या वनवासात अधिक सापडतात.

राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये रोमन कॅथलिक पंथाचे उघड आचरण हा गुन्हा ठरत गेला. १५८५च्या कायद्याने येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट, धर्मगुरूंना देशात राहणे प्राणावर बेतणारे झाले आणि मुलांना परवान्यावाचून परदेशी शिकायला धाडणाऱ्या पालकांवरही दंडाची तरतूद झाली. ज्यांना आपला पंथ सोडायचा नव्हता अशा अनेक तरुणांनी देश सोडला. मराठी वाचकांना त्यांपैकी एक नाव जवळचे आहे. विल्टशरमध्ये जन्मलेले थॉमस स्टीफन्स इंग्लंड सोडून रोमला गेले, तेथे १५७५मध्ये येशूसंघात दाखल झाले, १५७९मध्ये गोव्याला पोहोचले आणि पुढे १६१६मध्ये रायतूर येथे छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या जवळजवळ ११ हजार ओव्या त्यांनी मराठीत रचल्या. ज्या परिस्थितीने फादर स्टीफन्स यांना मायदेशापासून दूर नेले, तिच्यातूनच १५९३मध्ये रॉबर्ट पर्सन्स या इंग्रज जेझुइटाने समुद्रापलीकडे एक शाळा उभी केली. त्या काळी स्पेनच्या अमलाखाली आणि आज फ्रान्समध्ये असलेल्या सेंट ओमेर या गावी इंग्रज कॅथलिक कुटुंबांतील मुलांसाठी ती सुरू झाली.

या शाळेचे शिक्षण जेझुइटांच्या सर्वत्र समान असलेल्या अभ्यासपद्धतीवर आधारलेले होते. १५९९मध्ये अंतिम रूप मिळालेल्या या पद्धतीला ‘रातिओ स्तुदिओरुम’, म्हणजे अभ्यासाची व्यवस्था, असे म्हणतात. इयत्तांना आकड्यांऐवजी रूडिमेंट्स, ग्रामर, सिंटॅक्स, पोएट्री, ऱ्हेटरिक अशी नावे होती. मुले लॅटिनच्या प्राथमिक रूपांपासून व्याकरण आणि वाक्यरचनेतून काव्यापर्यंत व शेवटी वक्तृत्वापर्यंत चढत जात. या पद्धतीत चढाओढीला मानाचे स्थान होते. एकाच वर्गाचे रोमन आणि कार्थेजियन असे दोन पक्ष पाडून त्यांच्यात पाठांतराचे आणि प्रश्नोत्तरांचे सामने लावले जात, आणि मुलांच्या मनात मुरलेली ही दोन पक्षांची मांडणी पुढे खेळाच्या मैदानावरही दिसून येते. विश्रांतीचीही रीतसर व्यवस्था होती. सेंट ओमेरजवळच्या ब्लांदेक या खेड्यात शाळेची एक वाडी होती आणि सुटीच्या दिवशी मुलांना तेथे नेत असत. शाळा इंग्लंडमध्ये परतल्यावरही तिच्या मासिक सुटीला ‘ब्लँडाइक’ हेच नाव राहिले. ज्या शाळेने एका सुटीचे नाव दोन देश ओलांडून सोबत आणले, तिने खेळही सोबत आणले असतील तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

ही शाळा एका जागी फार काळ स्थिरावली नाही. सेंट ओमेर दरम्यान फ्रान्सच्या ताब्यात गेले होते आणि १७६२मध्ये फ्रान्समध्ये जेझुइटांवर बंदी आली. जप्तीचा हुकूम बजावला जाण्यापूर्वीच गुरुजनांनी मुलांना फिरायला नेण्याच्या निमित्ताने तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढले आणि सीमेपलीकडे ब्रूज या शहरात नेले. १७७३मध्ये खुद्द पोपनेच येशूसंघ विसर्जित केल्यावर ब्रूजमधील आसराही सुटला आणि शाळा लिएज येथे गेली. १७९४मध्ये फ्रेंच क्रांतीची फौज लिएजवर चालून आली, तेव्हा मुले आणि शिक्षक म्यूज नदीतून नावांनी निघाले आणि अखेर इंग्लंडमध्ये पोहोचले. १७९१च्या कायद्याने कॅथलिक शाळांना तेथे परवानगी मिळालेली होती. शाळेचा माजी विद्यार्थी आणि मोठा जमीनदार थॉमस वेल्ड याने शेरबर्न घराण्याकडून आपल्याकडे आलेला स्टोनिहर्स्टचा रिकामा वाडा शाळेला दिला आणि ऑगस्ट १७९४च्या अखेरीस तेथे शाळेचा मुक्काम पडला. परदेशातील वास्तव्य २०० वर्षांचे झाले होते, आणि तेवढ्या काळात इंग्लंडमधील खेळ पार बदलून गेले होते.

स्टोनिहर्स्ट क्रिकेट हिरवळीवर नव्हे, तर वाड्यामागच्या खडी टाकलेल्या पटांगणावर खेळले जाई. यष्टी म्हणून मैलाच्या दगडाच्या आकाराचा, सुमारे दीड फूट उंचीचा एक घडीव दगड उभा केलेला असे. हे एकयष्टी क्रिकेट होते, म्हणजे यष्टी एकाच टोकाला आणि एका वेळी फलंदाजही एकच. त्यामुळे एकाच पटांगणावर कितीतरी डाव शेजारी शेजारी मांडता येत. बॅट सुमारे तीन फूट लांब आणि मुठीकडून टोकाकडे रुंद होत जाणारी असे. आजच्या बॅटीला असतो तसा सपाट चेहरा तिला नव्हता, तर टोकाशी गोलसर जाड डोके होते. ती आल्डर या पाणथळ जागी वाढणाऱ्या झाडाच्या लाकडाची करीत. चेंडूवर चामडे शिवण्याचे काम मोच्याकडे असे आणि त्याची शिवण इतकी जाड व उठावदार ठेवलेली असे की खडीवर टप्पा खाल्ल्यावर चेंडू कोणत्या बाजूला वळेल याचा अंदाज फलंदाजाला सहजासहजी येत नसे. गोलंदाजी खालून, जमिनीलगत आणि वेगाने केली जाई. दगडावर बेल्स, म्हणजे यष्टीवरच्या आडव्या लाकडी दांड्या, ठेवलेल्या नसत. चेंडू दगडाला लागला की नाही याचा निवाडा डोळ्यांनी आणि आवाजाने होई. खडीच्या पटांगणापलीकडच्या गवतापर्यंत चेंडू टोलवणे हा मोठा मान समजला जाई आणि अशा टोल्याला मुले ‘ग्रीनर’ म्हणत.

या वर्णनातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट एका काळी सर्वत्र होती. गिल्डफर्ड येथील एका जागेच्या वादात १५९८मध्ये जॉन डेरिक या साक्षीदाराने आपण विद्यार्थिदशेत, म्हणजे त्याआधी सुमारे ५० वर्षे, त्या जागेवर ‘क्रेकेट’ खेळलो असल्याचे सांगितले होते, आणि क्रिकेटचा सर्वांत जुना निःसंदिग्ध उल्लेख म्हणून या साक्षीकडे पाहिले जाते. म्हणजे सेंट ओमेरची शाळा निघाली तेव्हा इंग्लंडमधील शाळकरी मुलांमध्ये हा खेळ किमान एका पिढीपासून रुळलेला होता. १७४४च्या पहिल्या लिखित नियमावलीत यष्टी २२ इंच उंच आणि ६ इंच रुंद सांगितली आहे; तिला दोनच दांडे होते आणि मधली तिसरी यष्टी १७७५नंतर आली. चेंडू जमिनीलगत सरपटत येत असे तोवर बॅट टोकाशी वाकडी किंवा जड असणे सोयीचे होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोलंदाज चेंडूला टप्पा देऊ लागले तेव्हा सरळ, सपाट बॅट आवश्यक झाली. स्टोनिहर्स्टच्या खेळात यांपैकी एकही सुधारणा दिसत नाही. तिसरी यष्टी नाही, बेल्स नाहीत, सरळ बॅट नाही, उडता टप्पा नाही. शाळेची परंपरा हा खेळ एलिझाबेथकालीन असल्याचे सांगते आणि खेळाची रचना त्या सांगण्याला बळ देते, कारण इंग्लंडमध्ये घडलेले बदल ज्या गटापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्याच्याकडेच खेळाचे असे रूप शिल्लक राहू शकते. दगडाची निवड मात्र स्थानिक गरजेतूनही झाली असणार. महाराष्ट्रातील गल्लीबोळांत मुले फरशीवर यष्टी रोवता येत नाही म्हणून विटांची चळत उभी करतात, त्याप्रमाणे खडीच्या पटांगणात दांडे रोवण्यापेक्षा जड दगड उभा करणे सोपे होते.

शाळेच्या फुटबॉलचे कूळही असेच जुने आहे. ख्रिस्ती पंचांगात ईस्टरपूर्वी ४० दिवसांचा प्रायश्चित्तकाळ येतो आणि तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याआधीचे दिवस संयमापूर्वीच्या मौजेचे असतात. गोव्यात याच दिवसांत इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, साजरे होते. इंग्लंडमध्ये हे दिवस गावोगावच्या फुटबॉलचे होते. ॲशबोर्न आणि ॲदरस्टोन या गावांत दांडग्या जमावाचा तो खेळ आजही त्या सणाला खेळला जातो. स्टोनिहर्स्टमध्ये याच दिवसांत ‘ग्रँड मॅचेस’ या नावाचे सामने होत. त्यांत मुलांचे इंग्लिश आणि फ्रेंच असे दोन पक्ष पडत, दोन्ही बाजूंना डझनावारी मुले असत आणि पक्षांची निशाणे फडकत. खेळ खडीवरच चाले. नेमके ११ खेळाडू, आखलेल्या सीमा आणि तटस्थ पंच यांवर उभ्या असलेल्या आजच्या फुटबॉलपेक्षा तो गावजत्रेच्या खेळाला जवळचा होता. येथे लोकांच्या सणाचा खेळ आणि जेझुइट वर्गातील दोन पक्षांची शिस्त एकत्र आली. गावाच्या खेळातली रग तशीच राहिली, पण तिला वेळापत्रक, नायक आणि मर्यादा मिळाल्या. याशिवाय भिंतीवर चेंडू मारण्याचा, हँडबॉलच्या कुळातला एक खेळही शाळेत रूढ होता.

हे खेळ टिकले याचे पहिले कारण शाळेचे एकाकीपण होय. परक्या मुलखात भोवती इंग्रजी खेळ खेळणारी दुसरी शाळाच नसल्यामुळे स्पर्धा आपसातच होई आणि नियम दुसऱ्या कोणाशी जुळवून घेण्याचा प्रसंग येत नसे. इंग्लंडमध्ये परतल्यावरही कॅथलिक शाळा इतर शाळांपासून बराच काळ अलग राहिली. दुसरे कारण असे की ही मुले वर्षानुवर्षे घरी न जाता शाळेतच राहत. मोठी मुले लहानांना खेळ शिकवीत आणि लहान मुले तो जसाच्या तसा उचलीत. लिखित नियमावलीवाचून चालणाऱ्या परंपरेला अशी अखंड साखळी लागते. तिसरे कारण भावनेचे आहे. ज्या मुलांना मायदेशी आपला धर्म उघडपणे पाळता येत नव्हता, त्यांनी परदेशात आपले इंग्रजपण भाषा, नाटक आणि खेळ यांतून जपले. सेंट ओमेरच्या सार्वजनिक ग्रंथालयात २०१४मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या पहिल्या संग्रहाची, म्हणजे ‘फर्स्ट फोलिओ’ची, एक प्रत ओळखली गेली. ती या जेझुइट शाळेतूनच तेथे आली असावी असे अभ्यासक मानतात. इंग्लंडच्या कायद्याने परके ठरवलेल्या या शाळेने इंग्लंडची नाटके आणि इंग्लंडचे खेळ दोन्ही आस्थेने सांभाळले, ही गोष्ट त्या मुलांच्या निष्ठेबद्दल पुष्कळ काही सांगून जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे एकाकीपण संपले. कॅथलिकांवरील बहुतेक राजकीय निर्बंध १८२९च्या कायद्याने उठले होते. रेल्वेमुळे संघ दूरवर जाऊन सामने खेळू लागले. फुटबॉल असोसिएशनने १८६३मध्ये आपले नियम निश्चित केले आणि १८६४मध्ये क्रिकेटमध्ये खांद्यावरून गोलंदाजी करण्यास मान्यता मिळाली. बाहेरच्या संघाशी खेळायचे तर बाहेरचे नियम स्वीकारणे भाग होते. शाळेत नव्या प्रकारच्या खेळाला ‘लंडन क्रिकेट’ म्हणत, आणि हे नावच सांगते की मुलांच्या लेखी त्यांचे स्वतःचे क्रिकेट हेच मूळ होते व दुसरे परगावचे. काही काळ दोन्ही शेजारी शेजारी नांदले, मग जुने मागे पडले. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल १८७५पर्यंत याच संक्रमणकाळात येथे शिकत होता. पुढे त्याने मेरिलबोन क्लबकडून १० प्रथम श्रेणी सामने खेळले आणि या सामन्यांत त्याला मिळालेला एकमेव बळी डब्ल्यू. जी. ग्रेस यांचा होता. फुटबॉलमध्येही प्रथम असोसिएशनचे नियम आले आणि पहिल्या महायुद्धानंतर रग्बी हा शाळेचा हिवाळी खेळ झाला. २००३मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या रग्बी संघात कायरन ब्रॅकन आणि इयान बॅलशॉ हे शाळेचे दोन माजी विद्यार्थी होते. १९९९पासून शाळा मुलामुलींची संयुक्त शाळा आहे.

मुंबईतील जेझुइट शाळांची वाट वेगळी ठरली, कारण त्या उशिरा निघाल्या. माझगावची सेंट मेरीज १८६४मध्ये आणि सेंट झेवियर्स १८६९मध्ये सुरू झाली. त्या वेळी खेळांचे नियम सर्वमान्य होत आले होते, त्यामुळे या शाळा आरंभापासून सामाईक मैदानावर, सामाईक नियमांनी खेळल्या. १९८८मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमकडून ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, ती सेंट झेवियर्सच्याच संघाविरुद्ध. सामाईक नियम नसते तर दोन वेगळ्या परंपरांतल्या शाळांना एका मैदानावर आणणारी अशी स्पर्धाच उभी राहिली नसती. प्रमाण नियमांनी खेळाला विस्तार दिला, प्रतिस्पर्धी दिले आणि तुलनेचे माप दिले. त्या मोबदल्यात स्थानिक रूपे गेली. स्टोनिहर्स्टचे दगडी क्रिकेट त्या गेलेल्या रूपांतील सर्वांत बोलके आहे. खेळांचा इतिहास नियमावलीपासून सुरू होतो हा समज ते खोडून काढते. नियमावली लिहिली जाण्याच्या कितीतरी आधीपासून मुले खेळत होती, स्वतःचे नियम पाळत होती आणि ते पुढच्या पिढीला देत होती. क्रिकेटचे मूळ शोधताना क्लबांच्या दप्तरांइतकेच शाळांच्या पटांगणांकडेही पाहावे लागते, ते यासाठीच.