प्रजाजन, परकीय आणि आगंतुक : ब्रिटनमधील स्थलांतराच्या वादातील संज्ञा

राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला पक्षांची नावे फार सोयीची असतात. एखादा प्रश्न समोर आला की हुजूर पक्ष इकडे, मजूर पक्ष तिकडे, अशी मांडणी करून त्याला पुढे जाता येते. परंतु काही प्रश्नांच्या बाबतीत ही सोय दगा देते. परदेशांतून, विशेषतः पूर्वीच्या साम्राज्यातून, येणाऱ्या लोकांना ब्रिटनमध्ये प्रवेश द्यावा की नाही, हा त्यांपैकी एक होय. १९६८ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस केनियातील आशियाई लोकांना रोखणारा कायदा पार्लमेंटने अवघ्या तीन दिवसांत उरकला, तेव्हा तो मांडणारे गृहमंत्री जेम्स कॅलाहन मजूर पक्षाचे होते. आणि त्याविरुद्ध मत देणाऱ्यांत आयन मॅक्लिऑड यांच्यासारखे हुजूर पक्षाचे अग्रगण्य पुढारी होते. या वादाचा साद्यंत इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. कायद्याने माणसांना दिलेल्या आणि पक्षांनी एकमेकांना चिकटविलेल्या संज्ञांनी त्यात कोणते कार्य केले, एवढेच पाहावयाचे आहे. माझे म्हणणे असे की, या वादात जे उघड बोलावयाचे नव्हते ते संज्ञांकडून वदविले गेले; आणि संज्ञा बदलल्याबरोबर, स्वतः जागचा न हललेला मनुष्य आपल्यातून परक्यांत जाऊन पडला.

आपल्या भाषेतही ही अडचण आहेच. अशा माणसाला ‘स्थलांतरित’ म्हणावे तर तो केवळ हललेला दिसतो, ‘आगंतुक’ म्हणावे तर न बोलावता आलेला ठरतो, आणि ‘उपरा’ म्हटले की निकालच लागतो. शब्द निवडताना आपण वादात एक बाजू घेऊन बसतो, ही जाणीव ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारची माणसे होती : राजाचे प्रजाजन आणि परकीय. रशियन साम्राज्यातील छळाला व दारिद्र्याला कंटाळून आलेले ज्यू लंडनच्या पूर्व भागात मोठ्या संख्येने वसू लागले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध उठलेल्या चळवळीने ‘परकीय’ हाच शब्द हाती घेतला. १९०१ साली ‘ब्रिटिश ब्रदर्स लीग’ ही संस्था स्थापन झाली; स्टेप्नीचे हुजूर पक्षीय सभासद मेजर विल्यम इव्हान्स-गॉर्डन हे तिच्या पुढाऱ्यांपैकी होते. बाल्फर सरकारने १९०५ मध्ये परकीयांविषयीचा जो कायदा केला त्यात ‘ज्यू’ हा शब्द नाही. ‘अनिष्ट परकीय’ असा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि तोही बोटीच्या तळाच्या वर्गातून येणाऱ्यांनाच लागू करण्यात आला. केबिनचे तिकीट काढणाऱ्याची तपासणी होत नसे. धर्म, वंश व दारिद्र्य या तिन्ही गोष्टी एका तटस्थ दिसणाऱ्या शब्दात आणि एका तिकिटाच्या दरात सामावल्या गेल्या. पुढच्या कायद्यांचा साचा येथेच घडला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या काळी रेषा वर्णावरून नव्हे तर राजनिष्ठेवरून आखली जात होती, याचा पुरावा आपल्याला अपरिचित नाही. पूर्व लंडनमधील त्याच वस्तीत, ईशान्य बेथनल ग्रीन मतदारसंघातून, मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ सर मंचरजी भावनगरी १८९५ पासून १९०६ पर्यंत हुजूर पक्षाचे सभासद होते. जॉर्ज हॉवेल या मजूर चळवळीतील जुन्या पुढाऱ्याला पराभूत करून ते निवडून आले होते. कायद्याच्या दृष्टीने मुंबईचा पारशी हा आपला आणि शेजारच्या गल्लीतील पोलंडचा शिंपी हा परका. अर्थात कायद्याची भाषा म्हणजे समाजाची भाषा नव्हे. १८८८ मध्ये लॉर्ड सॅलिस्बरी यांनी दादाभाई नौरोजींचा ‘काळा माणूस’ असा जाहीर उल्लेख केला होता, आणि चार वर्षांनी सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंना निवडून दिले होते. प्रजाजनत्वाची व वर्णाची अशा दोन भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. पहिल्या भाषेला कायद्याचे बळ होते, एवढाच फरक.

१९४८ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने या पहिल्या भाषेला तिचे शेवटचे भव्य रूप दिले. कॅनडाने स्वतःचे स्वतंत्र नागरिकत्व निर्माण केल्यामुळे जुनी चौकट मोडली होती. ती सावरण्यासाठी अ‍ॅटली सरकारने ‘युनायटेड किंग्डम व वसाहती यांचा नागरिक’ ही संज्ञा घडविली, आणि स्वतंत्र झालेल्या राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांनाही ब्रिटिश प्रजाजनाचा दर्जा कायम ठेवला. त्यांना येण्याचे निमंत्रण देणे हा कायद्याचा उद्देश नव्हता. येण्याचा त्यांचा हक्क गृहीतच होता. विधेयक विचाराधीन असतानाच, जून १९४८ मध्ये, ‘एम्पायर विंडरश’ ही बोट वेस्ट इंडीजमधील शेकडो उतारू घेऊन टिलबरीला लागली. त्याच दिवशी मजूर पक्षाच्या अकरा सभासदांनी पंतप्रधानांना पत्र लिहून अशा आगमनावर नियंत्रण मागितले. उलट, वर्णावरून कोणाला अटकाव न करणे ही अभिमानाची गोष्ट आहे, असे त्या वर्षी सभागृहात सांगणारे सर डेव्हिड मॅक्सवेल फाइफ हुजूर पक्षाचे होते. हे उलटसुलट वाटते ते आपण आजची लेबले मागे नेऊन चिकटवितो म्हणून. हुजूर पक्षाच्या जुन्या परंपरेत साम्राज्याचे ऐक्य ही श्रद्धेची बाब होती, तर मजूर पक्षाच्या पाठीशी उभ्या असलेल्या संघटित कामगाराला रोजंदारी व घर यांची धास्ती होती. उदारपणा आणि संकुचितपणा यांची वाटणी पक्षवार झालेली नव्हती.

या श्रद्धेला १९५० नंतर ओहोटी लागली. १९५८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस नॉटिंगहॅम येथे व लंडनच्या नॉटिंग हिल भागात दंगली झाल्या. नॉटिंग हिलमध्ये हल्लेखोर मुख्यतः गोरे तरुण होते. तरीही दंगलीतून निघालेला निष्कर्ष मात्र ‘येणाऱ्यांची संख्या मर्यादित करा’ असा होता. सर सिरिल ऑस्बर्न यांच्यासारखे हुजूर पक्षाचे काही सभासद ही मागणी आधीपासून करीत होते. १९६२ मध्ये मॅकमिलन सरकारने ती मान्य केली.

या कायद्याच्या रचनेकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण संज्ञांचे कसब त्यात पूर्णत्वास गेले आहे. राष्ट्रकुलातून कामासाठी येणाऱ्याला परवाना लागेल असे ठरले आणि परवान्याचे अ, ब, क असे तीन वर्ग करण्यात आले : ठरलेली नोकरी असणारे, विशेष कौशल्य असणारे, आणि उरलेले. वर्णाचा उल्लेख कोठेही नाही. परंतु पुढे मंत्रिमंडळाची कागदपत्रे खुली झाल्यावर गृहमंत्री बटलर यांचे टिपण अभ्यासकांच्या हाती आले. त्यात त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले होते की, ही योजना भेदभाव न करणारी म्हणून मांडता येते हा तिचा गुण. प्रत्यक्षात तिचा परिणाम जवळजवळ केवळ काळ्या-सावळ्या लोकांवरच व्हावा असा उद्देश आहे. इतकी स्वच्छ कबुली इतिहासात क्वचितच सापडते. तिला जोड मिळते ती आयर्लंडच्या अपवादाची. आयर्लंड १९४९ मध्येच राष्ट्रकुलातून बाहेर पडले होते, आणि तेथूनच सर्वांत जास्त लोक ब्रिटनमध्ये येत होते. तरी व्यवहारात त्यांना मुक्तद्वार राहिले. राष्ट्रकुलात असलेल्यांना परवाना लागला, नसलेल्यांना लागला नाही. मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्सकेल यांनी या विधेयकावर वर्णविरोधी म्हणून कडाडून हल्ला केला, तो याच आधारावर.

गेट्सकेल जानेवारी १९६३ मध्ये वारले. १९६४ च्या निवडणुकीत देशाचा कौल मजूर पक्षाकडे झुकला असताना बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिक येथे मात्र त्या पक्षाचे नियोजित परराष्ट्रमंत्री पॅट्रिक गॉर्डन वॉकर यांचा पराभव झाला. विजयी उमेदवार हुजूर पक्षाचे पीटर ग्रिफिथ्स. आणि प्रचारात वर्णद्वेषाची घोषणा उघड वापरली गेली होती. नवे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्रिफिथ्स यांना संसदेतील महारोगी अशा अर्थाचे विशेषण लावले. गॉर्डन वॉकर हे या प्रकरणात उदारमताचे हुतात्मे म्हणून ओळखले जाऊ लागले. परंतु हेच गॉर्डन वॉकर १९५० मध्ये राष्ट्रकुल खात्याचे मंत्री असताना, बेचुआनालँडच्या सेरेत्से खामा यांना एका गोऱ्या स्त्रीशी विवाह केल्याच्या प्रकरणात स्वदेशाबाहेर ठेवण्याचा निर्णय झाला होता व तो जाहीर करणारे तेच होते. ‘महारोगी’ व ‘हुतात्मा’ ही लेबले एका निवडणुकीपुरती खरी असतीलही. अभ्यासकाने ती चरित्राला लावू नयेत. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६५ मध्ये, विल्सन सरकारने परवान्यांची संख्या वर्षाला ८,५०० पर्यंत खाली आणली आणि त्यांतील १,००० एकट्या माल्टासाठी राखून ठेवले. गेट्सकेल यांनी ज्या कायद्याला विरोध केला तोच त्यांच्या पक्षाने अधिक कडक केला. त्याच वर्षी वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदाही याच सरकारने केला, हेही नमूद केले पाहिजे.

आता केनियाच्या प्रकरणाकडे वळू. डिसेंबर १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला तेव्हा तेथील अनेक आशियाई रहिवाशांनी स्थानिक नागरिकत्व न घेता ‘युनायटेड किंग्डम व वसाहती यांचे नागरिक’ हाच दर्जा ठेवला. त्यांची पारपत्रे वसाहतीच्या नव्हे तर ब्रिटिश सरकारच्या नावाने दिलेली असल्याने १९६२ चा कायदा त्यांना लागू नव्हता. केनियातील धोरणामुळे त्यांना तेथे राहणे अवघड होऊ लागले व ते ब्रिटनकडे निघाले. तेव्हा कॅलाहन यांच्या विधेयकाने नवी रेषा आखली : ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म, नागरिकत्वग्रहण वा अशाच प्रकारचा संबंध ब्रिटनशी असेल त्यालाच मुक्त प्रवेश. नैरोबीत जन्मलेला इंग्रज मळेवाल्याचा मुलगा आत राहिला. त्याच पारपत्राचा गुजराती दुकानदार बाहेर. हुजूर पक्षातच यावर दोन तट पडले. स्वातंत्र्याच्या वाटाघाटी ज्यांच्या हातून झाल्या ते डंकन सँडीज नियंत्रणाची मागणी करीत होते, आणि त्यांच्या आधीच्या वसाहतमंत्र्यांपैकी मॅक्लिऑड सांगत होते की, आपण शब्द दिला आहे व तो पाळला पाहिजे. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत नैतिक प्रश्न येथे उपस्थित झाला. तो संख्येचा नव्हता, पारपत्रावरील शब्दांना काही अर्थ आहे की नाही याचा होता. १९७३ मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय आयोगाने या आशियाई लोकांच्या तक्रारींवर अहवाल देताना, अशी वंशभेदमूलक वागणूक मानहानिकारक ठरते, असा अभिप्राय दिला.

इनॉक पॉवेल यांचे बर्मिंगहॅमचे भाषण २० एप्रिल १९६८ चे. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे दोनच गोष्टी नोंदवितो. ‘वर्णद्वेष्टा’ हे लेबल पॉवेल यांना त्या दिवसापासून कायमचे चिकटले, आणि त्या भाषणापुरते ते अन्यायाचे आहे असे मी म्हणणार नाही. तथापि याच गृहस्थांनी जुलै १९५९ मध्ये, केनियातील होला छावणीत अकरा बंदी मारले गेले असता, आफ्रिकेत एक न्याय व स्वदेशात दुसरा असे चालणार नाही, या आशयाचे भाषण करून स्वपक्षाच्या सरकारला खजील केले होते. दोन्ही भाषणांच्या मागे एकच धारणा दिसते : साम्राज्य संपले, राष्ट्रकुल हे थोतांड आहे, उरले ते केवळ इंग्लंड. दुसरी गोष्ट अशी की, हुजूर पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांनी पॉवेल यांना दुसऱ्याच दिवशी पदावरून दूर केले. आणि त्यांच्या समर्थनार्थ लंडनच्या गोदी कामगारांनी, म्हणजे मजूर पक्षाच्या हक्काच्या मतदारांनी, वेस्टमिन्स्टरवर मोर्चा नेला. पुढे १९७२ मध्ये इदी अमीन याने युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांपैकी सुमारे २८,००० जणांना आश्रय दिला तो हीथ यांच्याच सरकारने.

सरकारी भाषेने दरम्यान आणखी एक नमुना घडविला होता. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे ‘जुने राष्ट्रकुल’ आणि भारत, वेस्ट इंडीज, आफ्रिका हे ‘नवे राष्ट्रकुल’. ऐकणाऱ्याला हा कालक्रम वाटावा. वस्तुतः तो वर्णक्रम होता. १९७२ मध्ये पाकिस्तान राष्ट्रकुलातून बाहेर पडल्यावर आकडेवारीत ‘नवे राष्ट्रकुल व पाकिस्तान’ असा मथळा आला, आणि संज्ञेचा खरा अर्थ आपोआप उघडा पडला. बाहेर पडलेल्या देशाला राष्ट्रकुलाच्या रकान्यात बसविण्याचे दुसरे कारण कोणते?

१९७१ च्या कायद्याने ‘पेट्रियल’ हा पितृभूमीवाचक शब्द वापरात आणून वंशसंबंधाची रेषा कायम केली. तो १ जानेवारी १९७३ रोजी अमलात आला. त्याच दिवशी ब्रिटन युरोपीय आर्थिक समूहात दाखल झाले. फ्रान्स व जर्मनीच्या कामगाराला ज्या दिवशी दार उघडले त्याच दिवशी जमेकाच्या नागरिकाला ते परक्याइतकेच बंद झाले. त्यापूर्वी येऊन स्थायिक झालेल्यांचा हक्क कायद्याने राखला होता. पण त्यांना तसा कागद देण्यात आला नव्हता. २०१२ पासून गृहखात्याने बेकायदा रहिवाशांसाठी ‘प्रतिकूल वातावरण’ निर्माण करण्याचे धोरण जाहीरपणे राबविले, तेव्हा नोकरी, घर व औषधोपचार यांसाठी याच वृद्धांकडे पुरावा मागितला जाऊ लागला. त्यांच्या आगमनाची जुनी बोटपत्रे २०१० मध्ये नष्ट करण्यात आली होती. नागरिक म्हणून उतरलेली माणसे अशा रीतीने ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरली. काहींना देशाबाहेर घालविण्यात आले. एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांना या प्रकरणाच्या ओघात राजीनामा द्यावा लागला.

‘ब्रिटिश प्रजाजन’ ही मूळ संज्ञा मात्र कायद्यातून पुरती गेलेली नाही. १९८१ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने ती एका लहानशा उर्वरित वर्गासाठी राखून ठेवली. या वर्गात मुख्यतः आयर्लंडशी किंवा १९४९ पूर्वीच्या ब्रिटिश हिंदुस्थानाशी संबंध असलेले लोक मोडतात, आणि केवळ या दर्जामुळे त्यांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.